सुरत बेसूर

फोन वाजल्याबरोबर उचलणारा माणूस मला अरसिक वाटतो. निदान गेल्या दिवाळीपासून वाटायला लागला आहे, कारण गेल्या दिवाळीत माझ्या फोनला नाट्यपद लागलं. बालगंधर्वांचं नव्हे, तेवढी माझी छाती नाही. वसंतराव देशपांड्यांचं, ‘कट्यार काळजात घुसली’मधलं. खिशातून तानेचं पहिलं भेंडोळं सुटलं की मी सावकाश हात आत घालतो, फोन काढतो, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो, नाव वाचतो, आणि आजूबाजूच्या चार-सहा जणांच्या कानांवर पडलं आहे याची खात्री झाली की मगच हिरव्या बटणाकडे बोट नेतो. तोवर पलीकडचा बहुधा कंटाळून ठेवून देतो. ठेवू दे. मैफल त्याच्यासाठी नव्हतीच.

हेच पुण्यात केलं असतं तर शोभलं असतं. मी ते सुरतेत करतो. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात, तिसऱ्या मजल्यावर, ड्रेस मटेरियलच्या गठ्ठ्यांना पाठ लावून मी जमाखर्च लिहितो. या मार्केटात फोनला फुरसत नसते. शेठच्या फोनवर नवकार मंत्र आहे, पार्सलवाल्याकडे हनुमान चालिसा, आणि दलालाकडे गरबा, ज्याची नवरात्र बारा महिने चालते. या गर्दीत माझा फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा शेठचा नोटा मोजणारा अंगठा जागीच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, “भाऊ, कोई गुजरी गयुं?”

कोण वारलं का, अशी ती चौकशी होती. इथे मराठी माणसाला सरसकट ‘भाऊ’ म्हणतात, त्यामुळे चौकशीत आपुलकीही होती. मी म्हणालो, “शेठ, हे शास्त्रीय आहे.” शेठनी मान डोलावली आणि नोटा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

हे सगळं माझ्या पुण्याच्या मावसभावामुळे झालं. दर भेटीत तो मला एकच प्रश्न विचारतो, “तिकडे सुरतेत मराठी बोलायला मिळतं का रे तुम्हाला?” लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतून त्याला एकदा चालवत न्यायला हवं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ताप्तीलाइनच्या गाडीत बसून इथे उतरले आणि परत गेलेच नाहीत. भाजीवाली अहिराणीत भाव सांगते, रिक्षावाला अहिराणीत शिव्या देतो, गणपतीत तर सुरती माणूस पत्ता विचारत फिरतो. पण हे मावसभावाला पटवायचं कसं? मी ठरवलं, माझा फोनच बोलेल. त्याच्या घरी जेवायला बसलो असताना फोन वाजेल, वसंतराव गातील, आणि मावसभावाचा घास हातात राहील. प्रत्यक्षात मी त्याच्या घरी दोन दिवस राहिलो आणि त्या दोन दिवसांत मला एकही फोन आला नाही. शेवटी बायकोला स्वयंपाकघरात खूण करून फोन लावायला सांगितला. वसंतराव गायले. मावसभाऊ म्हणाला, “उचल ना, किती वाजतोय.”

फोनमधून स्वतःची अभिरुची वाजवायची ही खोड माझी जुनी आहे. नोकियाचा ३३१० होता तेव्हा त्यात ‘कंपोझर’ नावाची सोय होती. एक ते सात हे आकडे म्हणजे सात स्वर. कोणाकडून तरी कागदावर आकडे उतरवून आणायचे आणि रात्री पांघरुणात बसून ते दाबायचे. मला सरगम त्या कीपॅडवरच आली. आजही ‘पंचम’ म्हटलं की मला पाचाचं बटण दिसतं. अडचण एवढीच होती की भजन दाबा, लावणी दाबा की देशभक्तिपर गीत दाबा, बाहेर पडताना ते सगळं कुल्फीच्या गाडीसारखंच वाजायचं. त्याच फोनची स्वतःची धून मात्र अस्सल होती. फ्रान्सिस्को ताररेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवादकाने १९०२ मध्ये एक वॉल्ट्झ रचला, त्यातला चिमूटभर तुकडा नोकियाने १९९४ मध्ये फोनमध्ये घातला, आणि मग तो तुकडा उधन्याच्या लूम्सखात्यातही वाजू लागला. ताररेगांना बिचाऱ्यांना फोन उचलायलाही मिळाला नाही.

मधल्या काळात मी कॉलर ट्यूनच्या फंदातही पडलो. पडलो म्हणजे माझा गाल पडला. कोणाला तरी फोन लावला होता. पलीकडून गाणं वाजत होतं, आणि ते गाणं आपल्यालाही हवं असेल तर अमुक बटण दाबा, असं एक बाई लाघवी आवाजात सांगत होत्या. ते बटण माझ्या गालाने दाबलं. पुढचे चार महिने मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला पावसात भिजणाऱ्या नायिकेचं गाणं ऐकू येत होतं, आणि माझ्या बॅलन्समधून दरमहा तीस रुपये जात होते. मला त्याचा पत्ताच नव्हता. रिंगटोन आपल्याला ऐकू येते आणि कॉलर ट्यून समोरच्याला, हा भेद मला पैसे भरून कळला. माणसाला स्वतःची कॉलर ट्यून कधीच ऐकू येत नाही. घोरण्याचं तसंच आहे. वसुलीसाठी मी ज्या व्यापाऱ्यांना दटावत होतो ते चार महिने माझ्याशी इतकं गोड का बोलत होते, याचा उलगडाही मला तेव्हा झाला.

म्हणून या वेळी ठरवलं होतं, की गाणं लावायचं तर फुकटच. फुकटचं ॲप उतरवलं. त्याने आधी माझे फोननंबर बघायची परवानगी मागितली, मग कॅमेऱ्याची, मग मी कुठे राहतो याची. गाणं लावायला माझा पत्ता कशाला? गवई घरी मुक्कामाला येणार होते का? दर दोन बटणांनंतर एक जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी असायची. रविवार दुपारचे अडीच तास गेले, तीन गेम आपोआप उतरले, फोनला ताप भरला. शेवटी लेकीने फोन हातातून काढून घेतला. तिने गाण्याची फाईल ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली, सेटिंगमध्ये साउंड, साउंडमध्ये रिंगटोन, तिथल्या अधिकच्या चिन्हावर बोट, संपलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ॲप लागलंच नाही. “पप्पा, हे फोनमध्येच असतं,” ती म्हणाली. आणि मग, “पण पप्पा, आता कोणी रिंगटोन ठेवत नाही. फोन वाजणं म्हणजेच... जाऊ दे.” तिचा फोन विकत घेतल्यापासून एकदाही वाजलेला नाही. तो थरथरतो.

फुकट हा शब्द मी दुकानात फार अभिमानाने उच्चारला आणि फसलो. शेठ म्हणाले, “मफत? तमारा महाराज तो बे ज वखत आव्या’ता. तमे तो रोज आवो छो!” तुमचे महाराज, म्हणजे शिवाजी महाराज, दोनदाच आले; तुम्ही तर रोज येता. जानेवारी १६६४ आणि पुन्हा १६७०, त्यांच्या स्वाऱ्यांचे हे दोन हिशेब सुरतेने अजून खात्यातून काढलेले नाहीत. तीस वर्षं इथे राहून मला याचं उत्तर पाठ झालं आहे. मी म्हणालो, “शेठ, महाराज आले तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला होता. तुमच्याकडे पैशांच्या वसुलीला उघराणीवाला आला की तुम्ही मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसता. साडेतीनशे वर्षांत बदललं काय?” शेठ खूश झाले. त्यांनी लोचो हा सुरती फराळ मागवला. सुरतेत कुठलंही वैर लोचोच्या पुढे टिकत नाही.

कापडबाजारातल्या माणसाला रिंगटोन कापणं कठीण जाऊ नये, असं मला वाटलं होतं. ताक्यातून कटपीस काढायचा असतो, तसंच हे. पण ताका बोलत नाही, गाणं बोलतं. पहिला तुकडा कापला तर सारंगी आणि तबला जुळवण्यातच फोन बंद पडायचा, वसंतरावांचा नंबरच यायचा नाही. दुसरा कापला तो थेट तानेच्या मध्यात. फोन वाजला की कोणाचा तरी पाय दाराच्या फटीत सापडल्यासारखं वाटायचं. तिसरा जमला. समेच्या जरा आधीपासून उचलला आणि मीच मला दाद दिली.

दाद देणारे पुढे भेटलेही. एकदा भुसावळ पॅसेंजरला व्याऱ्याच्या आसपास फोन वाजला. समोरच्या बाकावरच्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! राग कोणता हो हा?”

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होतो. तो आला तेव्हा लक्षात आलं की उत्तर माहीत नाही. मी फोनकडे बघितलं. शेठचा फोन होता.

“राग नाही हो,” मी म्हणालो, “उघराणीचा आहे.”

दुसरी दाद मिळाली ती एका बेसण्यात. कोणी वारलं की गुजराती घरांत पांढऱ्या कपड्यांत दोन तास बसायला जातात, ते बेसणुं. फुलांच्या हारातला फोटो, समोर गाद्या, कोपऱ्यात भजनमंडळी. मी फोन सायलेंटवर टाकला होता; निदान दुसरा तरी टाकला होता. भजनातल्या दोन ओळींच्या मधल्या शांततेत माझ्या खिशातून वसंतराव सुटले. मी दोन्ही हातांनी खिसा दाबून धरला, त्याने आवाज आणखी घुमला. सगळ्यात वाईट म्हणजे तबलजी कसलेला होता. त्याने मान वर न करता सवयीने ठेका धरला. चार आवर्तनं झाली. मयताच्या थोरल्या मुलाने नंतर माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, “बापुजीने संगीत बहु गमतुं.” वडिलांना संगीत फार आवडायचं. मी रडवेला झालो होतो. त्याला वाटलं, त्याच्या बापुजींसाठीच.

इथे मला मिस्ड कॉलविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. विषयाला धरून नाहीत. तरी बोलतो, कारण ज्यांना हे शास्त्र येत होतं त्यांची पिढी आता बोलायला बसली तर गोळ्यांवरच बोलते.

या देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. सुखरामांनी तो उचलला. आमच्या खानदेशात असते तर उचलला नसता. आमच्याकडे फोन लावायचा तो समोरच्याने न उचलण्यासाठी. त्या काळी येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये थांबलं, तरी रोमिंगचा काटा पुढे कित्येक वर्षं राहिला. सुरतेहून गावी निघालं की नवापूर स्टेशन लागतं. तिथे गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द फलाटावरून जाते, एक बाकडं तर निम्मं इकडे आणि निम्मं तिकडे आहे. त्या बाकड्याच्या एका टोकाला बसलं की लोकल आणि दुसऱ्या टोकाला सरकलं की रोमिंग, अशी माझी समजूत होती. गाडी तिथे थांबली की मी खाली उतरून गुजरातच्या टोकाला बसून मिस्ड कॉल द्यायचो.

या भाषेला व्याकरण होतं. एक रिंग: पोचलो. दोन: एकटाच येतोय. तीन: बायकापोरांसह येतोय. चार: तूच फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही. एक देऊन, थांबून, पुन्हा एक: आईला सांगू नका. यात वेळेचं भान लागायचं. बोट लाल बटणावर ठेवून, श्वास रोखून, कानाने मोजत बसायचं आणि बरोबर क्षणी तोडायचं. आमच्या मेव्हण्याला हे कधी जमलं नाही. तो सज्जन होता, म्हणजे फोन उचलायचा. “हॅलो,” म्हणायचा. एका ‘हॅलो’चे एका मिनिटाचे पैसे. घरातल्या कुठल्याही लग्नकार्यात त्याला महत्त्वाचं काम दिलं जायचं नाही.

व्याकरणात एक दोष मात्र होता आणि तो आम्हाला फार उशिरा कळला. फोन लावणाऱ्याला कानात जी ट्रिंग-ट्रिंग ऐकू येते, ती पलीकडच्या फोनची नसतेच. ती एक्स्चेंज आपल्या समाधानासाठी वाजवतं. पलीकडचा फोन आपल्या वेगळ्या तालात वाजत असतो. इकडे दोन झाल्या की तिकडे दोनच होतील, असं काही नाही. एका अक्षय्य तृतीयेला मी नवापूरच्या बाकड्यावरून दोन रिंगा दिल्या. गावी तीन पोचल्या. आईने खापर चुलीवर चढवलं आणि सहा जणांच्या पुरणाचे मांडे केले. मी एकटाच पिशवी घेऊन दारात उभा. आईने माझ्या मागे बघितलं, आणखी मागे गल्लीच्या तोंडापर्यंत बघितलं. मग काही न बोलता पाट मांडला. मी तीन दिवस मांडे खाल्ले. पण तिने गल्लीच्या तोंडापर्यंत बघितलेलं मला अजून पचलेलं नाही.

तर आई.

आई गावीच असते, अमळनेरजवळ. सुरतेला तिला करमत नाही, कारण आमच्या फ्लॅटला ओटा नाही. बाल्कनी आहे म्हटलं तर म्हणते, बाल्कनीतून जाणाऱ्या माणसाला विचारायचं काय, टक्कल बरं आहे का? लेकीचा जुना फोन तिला दिला तेव्हा तो कंपनीच्या टिंग-टिंगवर होता. ते तिला ऐकूच यायचं नाही, आणि आलं तर शेजारच्या बकरीचं वाटायचं. म्हणून दिवाळीच्या त्याच रजेत मी तिच्याही फोनला गाणं लावलं. आधी अर्थातच वसंतराव लावले. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाऊ बाबा काबर वरडी ऱ्हायना?”

तिला बहिणाबाईंचं हवं होतं. जळगाव आकाशवाणीवर लागायचं ते. बहिणाबाई असोद्याच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या. अक्षरओळख नाही, जात्यावर बसून गाणार आणि लेक सोपानदेव ते उतरवून ठेवणार. ती वही आचार्य अत्र्यांनी बघितली आणि १९५२ मध्ये ती गाणी छापून आली, तेव्हा बाई जाऊन काही महिनेच झाले होते. त्या लेकाने आईचं गाणं राखलं. मी माझ्या आईसाठी त्यातलं अर्ध्या मिनिटाचं कापलं. पण कापलं मन लावून. आधीचं वाद्यांचं सगळं उडवलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात ठेवली.

आणि आईने फोन उचलणं बंद केलं.

पहिल्या आठवड्यात वाटलं, ऐकू येत नसेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, बटण सापडत नसेल. रोज दोन-दोन, तीन-तीनदा लावावा तेव्हा एकदा उचलायची. एका संध्याकाळी पाच वेळा लावला, पाचही वेळा पूर्ण वाजून बंद पडला. आईला रक्तदाब आहे, घरात एकटी, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत. मी दुकानातच उभा राहिलो. शेजारच्या काकूंना फोन केला. त्या एका पायात चप्पल घालून पळत गेल्या. दोन मिनिटांनी त्यांच्याच फोनवरून म्हणाल्या, “बसल्या आहेत ओट्यावर. मांडीवर फोन आहे. डोळे मिटून ऐकताहेत.”

त्या दिवशी मला राग आला. कोणता ते या वेळी मला नक्की सांगता आलं असतं.

“आई, फोन का उचलत नाहीस?”

“गानं चालू व्हतं ना. मधमाच कसं तोडू?”

“अगं, तो फोन आहे! रेडिओ नाही!”

“मी गानं सरानी वाट पाहस. पन तूच ठी देस, मंग ते बंद पडस.”

मी तिला समजावलं की मी ठेवत नाही. मोबाइल उचलला नाही तर तीस सेकंदच वाजू द्यायचा, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०१९ मध्ये ठरवून दिलं आहे. घरातल्या जुन्या तारेच्या फोनला साठ सेकंद, मोबाइलला तीस. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सरकारले दुसरं काही काम नही का?” सरकारवरची इतकी मुद्देसूद टीका मी अलीकडे ऐकली नव्हती, पण मी तेव्हा हसण्याच्या स्थितीत नव्हतो. मी बोललो. जोरात बोललो. इथे आमचा जीव टांगणीला लागतो, तुला गाणं सुचतं, काकू पडल्या असत्या तर, असं बरंच. शेठनी नवकार वाजणारा स्वतःचा फोन पालथा घातला.

आई सगळं ऐकून म्हणाली, “दिनभर कोन्हा फोन येस माले? तुन्हाच येस. ‘जेवनी का, गोळी लिधी का, ठेवू का.’ गानं तरी अर्धा मिनिट ऱ्हास.”

मी जमाखर्च लिहिणारा माणूस आहे. असं कोणी बोललं की मी आधी वही तपासतो. त्या रात्री फोनमधली महिनाभराची यादी उघडली. आईशी झालेलं बोलणं: अठ्ठेचाळीस सेकंद. एक मिनिट चार सेकंद. एकोणचाळीस सेकंद. एक मिनिट. बावीस सेकंद. बावीसात तर तीन प्रश्नसुद्धा बसत नाहीत. त्या दिवशी मी बहुतेक गोळी गाळली असणार. त्याच यादीत एका उधारीवाल्याशी सव्वीस मिनिटं बोललेलो होतो, आणि त्याने पैसे अजून दिलेले नाहीत.

पूर्वी मिनिटाला पैसे पडायचे तेव्हा मी नवापूरच्या बाकड्यावर श्वास रोखून तिला रिंगा मोजून द्यायचो. आता दिवसभर बोललो तरी वेगळा पैसा पडत नाही, तर मी बावीस सेकंदांत उरकतो. वर्षभर मी गाणं वाजवत हिंडलो, ते शेठला ऐकवलं, गाडीतल्या गृहस्थांना ऐकवलं, एका मयतालाही ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्यावर मी ओरडलो.

आता आमचं नवं व्याकरण ठरलं आहे. संध्याकाळी सात वाजता पहिला फोन गाण्यासाठी. तो ती उचलत नाही, मी अपेक्षा करत नाही. दुसरा बोलण्यासाठी. पहिल्या फोनच्या वेळी मी गोडाऊनच्या दाराशी उभा असतो. मला काहीच ऐकू येत नाही, एक्स्चेंजची ती ट्रिंग-ट्रिंग सोडून. तिकडे बहिणाबाई कुठल्या शब्दाशी आल्या असतील, याचा मी अंदाज बांधत राहतो. अंदाज चुकतो, कारण ताल वेगळे आहेत, हे मला आता माहीत आहे. शेठ एकदा म्हणाले, “नथी उपाडता?” मी म्हणालो, नाही. “तो मूकी दो ने!” ठेवून द्या की. मी म्हणालो, अजून दहा सेकंद.

परवा गंमत झाली. मी पहिला फोन लावला आणि पहिल्याच ट्रिंगला आईने उचलला. माझ्या पोटात गोळा आला.

“काय झालं?”

“काही नही. गानं पाठ व्हई गयं. आते दुसरं लाव.”

मी म्हणालो, पाठवतो व्हॉट्सअॅपवर. मग आठवलं की पाठवून उपयोग नाही. फाईल जाईल, पण त्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवायला माणूस लागतो. काकूंना ते जमत नाही, त्यांचा स्वतःचाच फोन बकरीसारखा वाजतो.

“कुठलं लावू?”

आईने बराच विचार केला. इतका, की त्या दिवशीची नोंद दोन मिनिटांच्या वर गेली. मग म्हणाली, “त्या वरडनारा बाबानंच लाव. दखू काय म्हनस तो.”

काल शनिवारची रजा मागितली. शेठनी कारण विचारलं. खरं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “एक रिंगटोन माटे आखो शनिवार? ए तो मफत छे ने?”

मी म्हणालो, “लांबचं गाणं आहे, शेठ.”